चाळा, नाद, व्यसन

संध्याकाळी पाच-साडेपाचला सोलापूर जिल्ह्यातल्या मोडनिंबच्या एसटी स्टँडवर जरा थांबून बघा. कॉलेजं सुटलेली असतात. कुणी इथलंच, कुणी कुर्डुवाडीहून आलेलं, कुणी पंढरपूरच्या गाडीतून उतरलेलं आणि आता अरणला, तुळशीला, शेटफळला जायचं म्हणून थांबलेलं. गाडीला वेळ असतो. पाठीला सॅक, हातात मोबाईल, आणि अंगठा खालून वर, खालून वर.

लांबून सगळे एकच काम करताना दिसतात. जवळ गेलं की चित्र बदलतं. एकजण पोलीस भरतीसाठी चालू घडामोडींचा व्हिडिओ दीडपट वेगानं ऐकतोय. एकानं वडिलांसाठी डाळिंबाचा आजचा भाव उघडलाय. एकीनं मैत्रिणीला मेसेज पाठवलाय, त्यावर दोन निळ्या खुणा उमटल्यात पण उत्तर नाही, म्हणून ती दर मिनिटाला तेच उघडून बघतेय. आणि कट्ट्याच्या टोकाला बसलेला एकजण नुसताच रील सरकवतोय. ‘आत्ता काय बघितलंस?’ असं विचारलं तर त्याला सांगता येणार नाही.

चौघांच्या मोबाईलवर तास मात्र सारखेच भरतील. घरी गेल्यावर चौघांनाही एकच वाक्य ऐकावं लागेल, ‘दिवसभर त्या मोबाईलमध्ये तोंड!’ हे वाक्य तास मोजतं. मानसशास्त्रज्ञांच्या हाती गेल्या दहा-पंधरा वर्षांत जे लागलंय ते जरा निराळं आहे. फोन किती वेळ हातात आहे यापेक्षा तो कशासाठी आणि कशापासून सुटका म्हणून हातात आहे, यावर पुढचं बरंचसं ठरतं.

आपल्या भाषेला हा फरक आधीपासून ठाऊक आहे. चाळा, नाद आणि व्यसन असे तीन शब्द तिनं करून ठेवलेत. चाळा हाताला लागतो. पेनाच्या टोपणाशी, ओढणीच्या टोकाशी. नाद मनाला लागतो. तो भजनाचाही असतो आणि शर्यतीच्या बैलांचाही. नादात सुख असतं. व्यसनात सुख कधीच संपलेलं असतं, तरी सुटत नाही. मोबाईलच्या बाबतीत आपण हे तिन्ही शब्द एकाच पोत्यात भरतो आणि सगळ्यावर ‘व्यसन’ अशी चिठ्ठी लावतो.

डॉक्टरांच्या वहीत काय लिहिलंय?

जागतिक आरोग्य संघटनेची आजारांची अकरावी सूची जानेवारी २०२२ पासून लागू झाली. तिच्यात व्हिडिओ गेमच्या आहारी जाण्याला विकार म्हणून जागा मिळाली आहे. ‘स्मार्टफोनचं व्यसन’ असा आजार मात्र तिच्यात नाही. कारण सरळ आहे. दारूच्या बाटलीत दारूच असते. मोबाईलमध्ये बँक असते, रेल्वेचं तिकीट असतं, परीक्षेचा फॉर्म असतो, आईचा आवाज असतो आणि जुगारही असतो. भांड्याचं व्यसन लागत नाही, त्यातल्या पदार्थाचं लागतं. म्हणून बरेच संशोधक ‘व्यसन’ हा शब्द टाळतात आणि ‘त्रासदायक वापर’ अशा अर्थाचं नाव पसंत करतात. वापरामुळे अभ्यास, झोप, तब्येत किंवा नाती बिघडत असतील आणि तरीही आवरत नसेल, तर तो त्रासदायक वापर.

तो मोजायचा कसा? दक्षिण कोरियातल्या संशोधकांनी २०१३ मध्ये दहा प्रश्नांची एक छोटी प्रश्नावली तयार केली. जगभर विद्यार्थ्यांवरच्या अभ्यासांत आज तिचा सर्रास वापर होतो. ठरवलेलं काम फोनपायी राहतं का? वर्गात लक्ष लागत नाही का? मनगट किंवा मान दुखते का? फोन जवळ नसला तर सोसवत नाही का? हातात नसतानाही तो डोक्यात असतो का? ठरवल्यापेक्षा जास्त वेळ जातो का? जवळची माणसं बोलून दाखवतात का? असे ते प्रश्न. प्रत्येकाला १ ते ६ गुण. एकूण ६० पैकी मुलांसाठी ३१ आणि मुलींसाठी ३३ ही सावध होण्याची रेषा. यात ‘रोज किती तास?’ असा प्रश्नच नाही, हे लक्षात घेण्यासारखं आहे.

शिवाय तास विचारून उपयोगही कमी. २०१५ मध्ये ब्रिटनमध्ये काही तरुणांच्या फोनमध्ये नोंद ठेवणारं अ‍ॅप बसवलं. ते दिवसाला सरासरी ८५ वेळा फोन हातात घेत होते. त्यांचा स्वतःचा अंदाज होता याच्या निम्म्याहून कमी. हे खोटं बोलणं नव्हतं. चाळा मोजला जात नाही, कारण तो करताना माणूस तिथं नसतोच.

रिकामा वेळ

बार्शी लाइट रेल्वे १९०६ साली पंढरपूरपर्यंत पोचली आणि मोडनिंब रेल्वेच्या नकाशावर आलं. त्या अरुंद रुळांच्या गाडीचा वेग आणि वाट बघणं या भागातल्या म्हाताऱ्या माणसांच्या आठवणीत अजून आहे. तेव्हाही पोरं कंटाळायची. पण कंटाळ्याला तेव्हा वाटा होत्या: शेंगा फोडणं, कुणाची तरी टिंगल, झाडाखाली झोप, किंवा नुसतं बघत बसणं.

नुसतं बसणं माणसाला किती जड जातं हे अमेरिकेतल्या टिमोथी विल्सन यांच्या गटानं २०१४ मध्ये दाखवलं. लोकांना पंधरा मिनिटं रिकाम्या खोलीत बसवलं. सोबत काही नाही, फक्त एक बटण. दाबलं की विजेचा झटका. हा झटका नको म्हणून आपण पैसे मोजू, असं त्याच लोकांनी आधी सांगितलं होतं. तरीही १८ पुरुषांपैकी १२ जणांनी आणि २४ बायकांपैकी ६ जणींनी तो स्वतःला देऊन घेतला. आपल्याच विचारांच्या सोबतीपेक्षा त्यांना झटका परवडला.

मग खिशात रंगीत पडदा असताना कोण थांबेल? लवकर कंटाळणाऱ्या स्वभावाचा आणि फोनच्या त्रासदायक वापराचा संबंध अनेक अभ्यासांत पुन्हा पुन्हा दिसलाय. गावाकडच्या कॉलेजकुमाराच्या दिवसात असा रिकामा वेळ भरपूर. गाडीची वाट, न झालेला तास, निकालाची वाट, भरतीच्या जाहिरातीची वाट. यातली शेवटची तर वर्षभरही चालते.

हा चाळा अंगात किती मुरतो याचा गमतीदार पुरावा म्हणजे खोटी थरथर. खिशात फोन थरथरल्यासारखा वाटतो, काढून बघावं तर काहीच नाही. २०१२ मध्ये अमेरिकेतल्या कॉलेजविद्यार्थ्यांच्या एका पाहणीत ८९ टक्के मुलांनी हा अनुभव सांगितला. त्यातल्या बहुतेकांना त्याचा त्रास वाटत नव्हता. चाळा तो चाळाच. त्यानं घर बुडत नाही.

सोरट

चाळ्याचा नाद व्हायला मात्र कुणीतरी मेहनत घ्यावी लागते. जत्रेतली सोरट आठवा. चिठ्ठी फाडायची, बहुतेकदा फुगा नाहीतर कंगवा, क्वचित मोठं बक्षीस. प्रत्येक चिठ्ठीला कंगवाच निघाला असता तर दुसरी चिठ्ठी कुणी घेतली नसती. प्रत्येक वेळी मोठं बक्षीस निघालं असतं तरी थोड्या वेळानं मन भरलं असतं. ‘या वेळी निघेल’ ही अनिश्चितता पोराला तिथून हलू देत नाही.

बी. एफ. स्किनर या मानसशास्त्रज्ञानं विसाव्या शतकाच्या मध्यावर कबुतरांवर हेच दाखवलं. टोच मारली की दाणा, पण कितव्या टोचीला ते ठरलेलं नाही, अशी व्यवस्था केली की कबूतर सर्वांत जास्त टोचा मारतं. आणि दाणा बंद झाल्यावरही बराच वेळ मारत राहतं. रीलचा पडदा ही तीच व्यवस्था. नऊ रटाळ, दहावं भारी. सोरटवाल्याच्या चिठ्ठ्या निदान संपतात तरी. पडदा सरकवत राहिलं की नवं येतच राहील, ही युक्ती २००६ मध्ये एझा रास्किन या अमेरिकन तंत्रज्ञानं बसवली. पुस्तकाला पान संपतं, सिनेमाला मध्यंतर असतं. इथं ‘बास’ म्हणायला जागाच ठेवलेली नाही. रास्किन यांनी पुढं याबद्दल जाहीरपणे खंतही व्यक्त केली.

पण सोरट सगळ्यांसमोर असते आणि सगळेच काही तिथं रात्र काढत नाहीत. काही पोरं दोन चिठ्ठ्या फाडून पाळण्याकडं पळतात. मग एखादाच का अडकतो? खरा मानसशास्त्राचा प्रश्न इथून सुरू होतो.

खाज

कट्ट्याच्या टोकाला बसलेल्या पोराकडं परत येऊ. समजा, त्यानं दोन वर्षं पहाटे उठून ग्राउंड केलं. सोळाशे मीटरला काही सेकंद कमी पडले. घरात कुणी काही बोलत नाही, आणि तेच जास्त लागतं. आता पुस्तक उघडलं की छातीत धस्स होतं. फोन उघडला की होत नाही. एवढंच घडतं, पण दिवसातून पन्नास वेळा घडतं.

नायटा खाजवावा तसं हे आहे. खाजवलं की बरं वाटतं, म्हणून पुन्हा खाजवायचं. आणि खाजवल्यानं तो पसरतो. इथं बक्षीस मिळत नाही, त्रास घटकाभर थांबतो. मेंदूच्या हिशेबात त्रास थांबणं हेही बक्षीसच. स्वीडिश संशोधक डॅनियल कार्डेफेल्ट-विंथर यांनी २०१४ मध्ये याच मुद्द्यावर बोट ठेवलं. जास्त वापर हा आधी आजार म्हणून बघू नका, जगण्यात जे सोसत नाही किंवा मिळत नाही त्याची भरपाई म्हणून बघा, असं त्यांचं म्हणणं.

आकडेही तिकडंच बोट दाखवतात. लंडनच्या संशोधकांनी २०१९ मध्ये ४१ अभ्यास एकत्र केले. सुमारे ४२ हजार मुलं आणि तरुण त्यात होते. दर चारांत जवळपास एकाचा वापर त्रासदायक होता. अशा मुलांत नैराश्याची आणि चिंतेची लक्षणं आढळण्याची शक्यता इतरांच्या सुमारे तिप्पट निघाली, आणि झोप बिघडल्याची सुमारे अडीचपट.

इथं एक खोच आहे. असे बहुतेक अभ्यास एकाच वेळी घेतलेल्या फोटोसारखे असतात. फोनमुळे पोरगं खचलं की खचलेलं पोरगं फोनकडं गेलं, हे फोटोवरून कळत नाही. पाठपुरावा करून केलेल्या काही अभ्यासांत वाट दोन्हीकडून चालताना दिसते. म्हणजे नायटा आधी की खाजवणं आधी, यावर भांडण्यात अर्थ कमी. फोन काढून घेतल्यावर खाजवणं थांबेल, नायटा तसाच राहील.

मागे पडण्याची भीती

निळ्या खुणांकडं बघत बसलेल्या मुलीची गोष्ट वेगळी आहे. तिला कंटाळा आलेला नाही. तिला माणूस हवाय.

आपल्याशिवाय इतरांचं काहीतरी छान चाललंय आणि आपण त्यातून सुटलोय, या धाकधुकीवर इंग्लंडमधल्या अँड्र्यू प्रझिबिल्स्की यांनी २०१३ मध्ये अभ्यास केला. त्रासदायक वापराशी ठळक जोडलेल्या कारणांत ही धाकधूक वरच्या नंबरला येते. वर्गाचा एक ग्रुप, त्यातल्या सहाजणींचा वेगळा ग्रुप, आणि आपण त्यात नाही हे स्टेटसवरच्या फोटोवरून कळणं. वाढदिवसाला कुणी स्टेटस ठेवलं, कुणी नाही, याची मनात राहणारी यादी. एकटेपणा आणि स्वतःविषयीचं कमी मोल यांत भर घालतात. दुसऱ्याच्या डोळ्यांतून स्वतःला तपासायची सवय लागली की आरसा सारखा हातात लागतो.

प्रझिबिल्स्की यांना आणखी एक गोष्ट दिसली. स्वतःच्या मनानं काही करता येणं, काहीतरी नीट जमणं आणि आपली म्हणावी अशी माणसं असणं, या तीन गरजा ज्यांच्या अपुऱ्या राहतात, त्यांच्यात ही भीती जास्त. हे वाचताना मोडनिंबच्या शेजारचं अरण आठवल्याशिवाय राहत नाही. सावता माळी तिथले. सगळी दुनिया पंढरपूरला निघालेली असताना हा माणूस मळ्यातच राहिला, अशी परंपरा सांगते. आपण मागे पडलो असं त्याला वाटलं नाही, कारण होता तिथंच त्याचं मन भरलेलं होतं. आजही आषाढात पंढरपूरहून विठोबाची पालखी सावतोबांना भेटायला अरणला येते.

पण एकोणीस वर्षांच्या मुलीनं लगेच सावता माळी व्हावं ही अपेक्षा जुलमाची. पोरांना पार आहे, चहाची टपरी आहे, क्रिकेटचं मैदान आहे. मुलीला कॉलेज सुटलं की घर. तिच्यासाठी पार आणि टपरी त्या पडद्यातच. तोही प्रत्येकीचा स्वतःचा नाही. ‘असर’च्या २०२३ च्या ग्रामीण पाहणीत महाराष्ट्रातून नांदेड जिल्हा होता. देशातल्या १४ ते १८ वयाच्या ज्या मुलामुलींना स्मार्टफोन वापरता येत होता, त्यांच्यापैकी ४३.७ टक्के मुलांकडं आणि १९.८ टक्केच मुलींकडं स्वतःचा फोन होता. बाकीच्या जणी भावाचा, वडिलांचा फोन मागून घेतात, तोही कुणाच्या तरी नजरेखाली. ‘मुलीला फोन कशाला’ म्हणून तो काढून घेतला, तर तिच्यापुरता गावाचा चौकच बंद होतो.

रात्रीचे बारा

आता राहिला लगाम. मोह आवरणारा मेंदूचा पुढचा भाग विशीच्या मध्यापर्यंत पिकत असतो. म्हणजे कॉलेजच्या वयात घोडा तयार आणि लगाम अर्धवट. त्यात काहींचा स्वभावच उतावळा. आत्मसंयम कमी असलेल्या विद्यार्थ्यांत त्रासदायक वापर जास्त, हा निष्कर्ष देशोदेशी निघालाय.

लगाम सर्वांत सैल पडतो तो रात्री. झोप आलेली असताना, कुणी जागवत नसताना, माणूस झोपणं पुढं ढकलत राहतो. या सवयीवर नेदरलँड्समधल्या संशोधकांनी २०१४ मध्ये लिहिलं. दिवसभर कॉलेज, प्रवास, घरचं काम, जनावरांचं शेण-पाणी. दिवसातला स्वतःच्या मालकीचा पहिला तास रात्री साडेदहाला मिळतो. तो झोपेला द्यायला जीव होत नाही.

आपल्याकडं त्यात रिचार्जची भर पडते. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं, डेटा स्वस्त झाला आणि ‘दिवसाला दीड जीबी’ ही भाषा घरोघर रुळली. हा कोटा रात्री बाराला संपतो, उरलेला वाया जातो. मग अकरा वाजता ‘अजून पाचशे एमबी शिल्लक आहे’ हे कळलं की ते ताटात टाकलेल्या अन्नासारखं टोचतं. संपवायचं म्हणून बघितलं जातं. बाराला नवा कोटा सुरू होतो तेव्हा डोळा लागलेला नसतोच. मार्च २०२० च्या लॉकडाउननंतर तर ऑनलाइन वर्गासाठी घरच्यांनीच ओढाताण करून फोन घेऊन दिले. शाळा पुन्हा उघडल्या, फोन उशाशी राहिला.

भोंगा

मग करायचं काय? सांगली जिल्ह्यातल्या कडेगाव तालुक्यातलं मोहित्यांचे वडगाव हे गाव २०२२ मध्ये बातम्यांत आलं. रोज संध्याकाळी सातला देवळावरचा भोंगा वाजतो आणि दीड तास घरातले टीव्ही-मोबाईल बंद. पोरं अभ्यासाला, मोठी माणसं वाचायला, बोलायला. त्याच वर्षी यवतमाळ जिल्ह्यातल्या बांशीच्या ग्रामसभेनं अठराच्या आतल्या मुलांना मोबाईलबंदीचा ठराव केला.

दोन्ही गावांची काळजी एकच, वाट वेगळी. ठराव एका वयाला फोनपासून दूर ठेवतो. भोंगा सगळ्यांना एकाच वेळी सोडवतो, आई-बापांनाही. मागे पडण्याच्या भीतीवर तोच उतारा आहे, कारण त्या दीड तासात कुणाचंच काही चुकत नाही. ग्रुपवर कुणीच नाही म्हटल्यावर बघायचं काय? एकट्या पोरीनं फोन बंद केला तर ती एकटी पडते. गल्लीनं, हॉस्टेलच्या मजल्यानं, वर्गातल्या सहाजणींच्या ग्रुपनं मिळून केला तर ती सुट्टी होते.

एकट्यालाही काही करता येतं. सूचनांची टिंगटिंग दिवसभर येऊ देण्याऐवजी ठरावीक तीन वेळा एकगठ्ठा आली तर काय होतं, हे २०१९ च्या एका प्रयोगात भारतातल्या दोनशेहून जास्त फोनधारकांवर तपासलं गेलं. गठ्ठ्यानं सूचना मिळालेल्यांचं लक्ष आणि मनःस्थिती सुधारली. ज्यांच्या सूचना पूर्ण बंद केल्या, त्यांची मात्र घालमेल वाढली. म्हणजे तोडून टाकण्यापेक्षा वेळ बांधून घेणं बरं. फोन चार्जिंगला उशाशी न लावता स्वयंपाकघरात लावणं, उठवायला साधं गजराचं घड्याळ आणणं, उरलेला डेटा खुशाल वाया जाऊ देणं, या गोष्टी किरकोळ वाटतात. पण सैल लगामाला अंतराचीच मदत होते.

चाळ्याला एवढं पुरतं. नायट्याला पुरत नाही. झोप, जेवण, अभ्यास सगळंच उतरणीला लागलं असेल, जगणं नकोसं वाटत असेल, तर फोनचा विषय बाजूला ठेवून मनाचा विषय काढायला हवा. ‘टेलि-मानस’चा १४४१६ हा क्रमांक त्यासाठीच ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे, बोलणं मोफत, मराठीतही. बंगळुरूच्या निम्हान्सनं तर २०१४ मध्येच तंत्रज्ञानाच्या अतिवापरासाठी वेगळं क्लिनिक काढलं. तिथंही उपचार फोनपाशी थांबत नाही, फोनच्या मागं काय आहे ते शोधतो.

आपल्यापुरतं एक साधं माप घरीही वापरता येईल. फोन उघडण्याआधी मनात एकच शब्द म्हणायचा: काम, माणूस, कंटाळा किंवा भीती. पहिल्या दोहोंसाठी उघडावा. तिसऱ्यासाठी उघडला तर चाळा. चौथा शब्द वारंवार येत असेल, तर तो कुणाला तरी सांगावा.

स्टँडवर गाडी लागते. पोरं-पोरी उठतात, एकीचा आईला फोन जातो, ‘बसले गं गाडीत.’ कट्ट्याच्या टोकाचा पोरगा खिडकीशी बसतो आणि अंगठा पुन्हा सुरू होतो. शेजारी टोपीवाले एक आजोबा टेकतात. थोडा वेळ पडद्याकडं बघतात आणि विचारतात, ‘भरतीचं काय झालं रे?’

अंगठा थांबतो. पोरगं आधी खिडकीबाहेर बघतं. मग सांगायला लागतं.